हॉर्सशू कॅन्यन, युटा : वाळवंटी दरीत एकट्याने दिवसभराची पायपीट

कातळवाट

झायन, ब्राइस, आर्चेस ही राष्ट्रीय उद्यानं बघून झालेले मराठी लोक व्यक्तिगत निरोप पाठवून हमखास विचारतात, की अमेरिकेतल्या युटात गर्दी नसलेलं आणि एका दिवसात होण्यासारखं काही आहे का, आणि एकट्याने गेलं तर चालेल का. मला दरवेळी हॉर्सशू कॅन्यनच सुचतं. गेल्या ऑक्टोबरात पुन्हा एकट्याने जाऊन आलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक खुलासा. अ‍ॅरिझोनात पेज गावाजवळ नदीचं गोल वळण आहे, ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात, ते हॉर्सशू बेंड. मी लिहितोय ते हॉर्सशू कॅन्यन तिथून कित्येक तास लांब आहे. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा हा सुटा तुकडा १९७१ मध्ये उद्यानाला जोडला. मुख्य उद्यानाला तो कुठेही लागून नाही. पूर्वी याला बॅरियर कॅन्यन म्हणत.

हायवे २४ वरून दक्षिणेला येताना गॉब्लिन व्हॅलीचा फाटा गेला की जरा पुढे डावीकडे कच्चा रस्ता फुटतो. तिथून ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर धूळ आणि वाळू. वाटेत घर नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. पेट्रोल ग्रीन रिव्हरला किंवा हँक्सव्हिलला भरून घ्यायचं. ग्रीन रिव्हरहून दरीच्या काठापर्यंत दीड तास, मोआबहून अडीच तास धरा. काठावर एक संडास आहे, माहितीफलक आहे, आणि प्यायचं पाणी कुठेही नाही. मी आदल्या संध्याकाळी पोचलो, गाडीतच झोपलो आणि उजाडताना चालायला लागलो.

वाट पहिल्या पावलापासून खाली उतरते. जाऊन-येऊन ७ मैल, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर, आणि उतार ७५० फुटांचा, म्हणजे २३० मीटरच्या आसपास. आकडे वाचून सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल, आणि नेमकं त्याबद्दलच मला लिहायचंय. उतरताना वाटेलगतच्या खडकात डायनासोरच्या तीन बोटांच्या पावलांचे ठसे आहेत. बाजूला फलक वगैरे काही नाही, नजर जमिनीवर ठेवली तरच सापडतात. हे सगळं वाळूखडकाचं राज्य. नवाहो सँडस्टोन म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या घट्ट होऊन झालेला दगड. कड्यावर तिरके पट्टे दिसतात, ते त्या वेळच्या वाऱ्याने रचलेल्या वाळूचे थर आहेत.

तळाला पोचलात की उजवीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला वळायचं. ओढा बहुतेक काळ कोरडा असतो. इथून पुढे मऊ वाळू, आणि वाळूत वेग निम्म्यावर येतो हे धरून चाला. ऑक्टोबरात कॉटनवुडची झाडं पिवळीधमक झालेली असतात, लाल कड्यांच्या पायथ्याशी त्यांची रांगच लागते. वाटेत कड्यांवर रंगवलेल्या जुन्या चित्रांच्या तीन छोट्या जागा आहेत. त्यातली एक एवढ्या मोठ्या कपारीत आहे की आत बोललेला शब्द घुमून परत येतो.

आणि शेवटी ग्रेट गॅलरी. सुमारे २०० फूट लांब आणि १५ फूट उंच चित्रपट्टी. बरीच चित्रं माणसाच्या उंचीची, काही सात फुटांच्याही वर. रुंद खांदे, खाली निमुळती होत गेलेली अंगं, बहुतेकांना हात नाहीत, पाय नाहीत. डोळे मोठे आणि रिकामे. अंगावर बारीक रेघांची, ठिपक्यांची नक्षी, आणि मधूनच एखाद्याच्या छातीवर छोटे प्राणी. मी समोरच्या सावलीत बसून डबा खाल्ला आणि तासाहून जास्त वेळ नुसता बघत राहिलो. या चित्रांपुढे एकट्याने बसण्यासाठी मी पुन्हा पुन्हा जातो, आणि म्हणूनच एकट्याने कसं जावं याचा मी इतका विचार करतो.

आता मुद्दा. गडावर आपण आधी चढतो. दमलो तर तिथूनच माघारी फिरतो आणि परतीची वाट उताराची असते. म्हणजे शरीर योग्य वेळी थांबवतं. दरीत हे सगळं उलटं होतं. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, भरल्या बाटल्यांनी आपण खाली उतरतो आणि सगळं सोपं वाटतं. चढ येतो तो शेवटी, दुपारी, तापलेल्या उघड्या खडकावर, पाणी संपत आलेलं असताना. त्यामुळे दरीत "जमतंय की, अजून थोडं पुढे जाऊ" हे वाक्य विश्वासाचं नाही. मी निघण्याआधीच माघारी फिरण्याची वेळ ठरवतो आणि ती वेळ झाली की असेन तिथून वळतो, ग्रेट गॅलरी पुढच्या वळणावर असली तरी. उद्यानवाले या फेरीला सहा तास धरायला सांगतात, तो अंदाज बरोबर आहे. पाणी माणशी किमान चार लिटर पाठीवर, आणि गाडीत वेगळं.

दुसरं, घरी कागद ठेवतो. कुठल्या दरीत जाणार, कुठल्या वाटेने, गाडी कुठे लावणार, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. एकट्याने जायचं की नाही, यापेक्षा आपण कुठे आहोत हे कुणाला माहीत आहे का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मृगसरी

फार सुंदर लिहिलंय. फोटो टाका ना.

घाटमाथा

अप्रतिम वर्णन. मी पुण्याचा, सह्याद्रीत बऱ्याचदा एकटाच भटकतो. जूनमध्ये बहिणीकडे सॉल्ट लेक सिटीला येतोय. उतार २३० मीटर म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी, अंतर ११ किलोमीटर. उन्हाळ्यात राजगड-तोरणा केलेला आहे. जूनमध्ये हॉर्सशू जमेल ना? सांदण दरीही केली आहे, त्यामुळे दरीची सवय आहे.

तुळशीकट्टा

मी ठाण्याला असते, मुलगा डेन्व्हरला. तोही असाच एकटा जातो, म्हणून हा धागा जीव मुठीत धरून वाचला. कातळवाट, तुम्ही छान लिहिता, पण मला पटलेलं नाही. एकट्याने जाऊच नये. त्याच भागात एका मुलाचा हात दगडाखाली अडकला होता आणि त्याने स्वतःच्या हाताने तो कापला, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. पाय मुरगळला तर कोण उचलणार? कागद घरी ठेवून पाय बरा होतो का?

कातळवाट

तुळशीकट्टाताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. तो अ‍ॅरन रॉल्स्टन. २६ एप्रिल २००३ ला ब्लू जॉन कॅन्यनमध्ये उतरताना वर अडकलेला मोठा धोंडा सरकला आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चिरडला गेला. धोंड्याचं वजन सुमारे ३६० किलो होतं असं सांगतात. १ मेला त्याने हात कापून सुटका केली, मग एका हाताने दोरावरून सुमारे २० मीटरचा कडा उतरला आणि मैलोन्‌मैल चालला. ब्लू जॉन पुढे हॉर्सशू कॅन्यनलाच येऊन मिळते. म्हणजे मी वर लिहिलेल्या दरीतूनच तो बाहेर आला, आणि तिथे फिरायला आलेलं एक डच कुटुंब त्याला भेटलं.

त्यात माझ्या मनात कायम राहिलेली गोष्ट ही, की आपण कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कामावर आला नाही म्हणून शोध सुरू झाला, आणि मग तो नेमका कुठे असेल हे हुडकण्यात वेळ गेला. अडकला त्या शनिवारी रात्रीच त्याच्या घरच्यांना दरीचं नाव माहीत असतं, तर रविवारी शोधपथक त्या भागात असतं. पाय मुरगळला तर कागदाने बरा होत नाही, हे खरं. पण कागदामुळे मला कुडकुडत एकच रात्र काढावी लागेल, पाच नाही. आणि ती एक रात्र निघावी म्हणून पाठीवर उबदार जाकीट, चंदेरी ब्लँकेट, डोक्याचा दिवा, शिट्टी आणि जास्तीचं खाणं असतं. ऑक्टोबरात रात्री तिथे चांगलीच थंडी पडते.

शिवाय हल्ली उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र बरोबर ठेवता येतं. आयफोन १४ पासून पुढच्या फोनांतही संकटात उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे. पण त्याला मोकळं आकाश लागतं. उंच कड्यांच्या मधोमध निरोप जायला वेळ लागतो, कधी जातच नाही. म्हणून यंत्र असलं तरी कागद हवाच.

घाटमाथा, जूनबद्दल माझं उत्तर 'नको' असं आहे. इथे एक डॉक्टर सदस्य आहेत, ते नीट सांगतील.

तपमापी

मी फिनिक्समध्ये आपत्कालीन विभागात काम करतो. दर उन्हाळ्यात डोंगरावरून उचलून आणलेले लोक बघतो, त्यातले बरेच तरुण आणि धडधाकट असतात. घाटमाथा, मनापासून सांगतो, जूनमध्ये एकट्याने नका जाऊ.

तुमचा राजगड-तोरणा खरा आहे, पण तो घामाचा अनुभव वेगळ्या हवेतला आहे. कोकणात किंवा घाटात उन्हाळ्यात घाम अंगावर राहतो, शर्ट भिजतो, आपल्याला कळतं की पाणी जातंय. वाळवंटात घाम फुटतो आणि तिथल्या तिथे उडून जातो. शर्ट कोरडा, कातडी कोरडी, आणि शरीरातून तासाला लिटरभर पाणी गेलेलं असतं. माणूस म्हणतो, मला तर घामच येत नाहीये. शिवाय या भागात उन्हाळ्यात ३८ अंशांच्या वर पारा जाणं नेहमीचंच आहे. तो आकडा सावलीतल्या हवेचा. उघडा खडक सकाळपासून तापत जातो आणि तुम्हाला दोन्ही बाजूंनी भाजतो. ग्रँड कॅन्यनचे रेंजर उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका असं कळकळीने सांगतात. आणि कातळवाट म्हणतात तसा परतीचा चढ बरोबर याच वेळात येतो.

दुसरी चूक फार लोक करतात. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहतात, खात काहीच नाहीत. घामातून मीठ गेलेलं, वरून साधं पाणी, की रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, पुढे झटके येऊ शकतात. वरवर ते ऊन लागल्यासारखंच दिसतं, म्हणून त्याला आणखी पाणी पाजलं जातं आणि प्रकृती आणखी बिघडते. उपाय आपल्या घरातलाच आहे. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएसची पाकिटं, आणि जोडीला दर तासाला काहीतरी खारट खाणं. मी शेंगदाणे, खारी बिस्किटं, लोणच्याची फोड आणि दशमी नेतो. पाणी तहानेप्रमाणे प्या.

उष्माघाताची खूण लक्षात ठेवा : अंग तापलेलं आणि वागण्याबोलण्यात गोंधळ. एकट्या माणसाचा मोठा धोका हाच, की गोंधळ सुरू झालेला त्याचा त्याला कळत नाही. सोबतीला माणूस असेल तर तो ओळखतो. म्हणून तुळशीकट्टाताईंशी मी उन्हाळ्यापुरता पूर्ण सहमत आहे. ऑक्टोबरात निरोगी माणसाने तयारीनिशी एकट्याने जायला माझी हरकत नाही.

घाटमाथा

डॉक्टर, धन्यवाद. घाम दिसत नाही हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. मग जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडून गारवा आल्यावर?

निवडुंग

घाटमाथा, थांबा! जुलै ते सप्टेंबर म्हणजे इथला मान्सून. तो आपल्यासारखा महिनाभर झडी लावून पडत नाही. दुपारी ढग चढतात, एखाद्या पठारावर अर्धा तास कोसळतो आणि बाजूला कोरडं ठणठणीत. मी अ‍ॅरिझोनात पेजजवळ राहतो. लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला अकरा पर्यटक वाहून गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर मोठा पाऊस नव्हता. पाऊस काही मैल लांब, वरच्या अंगाला झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये सातजण गेले.

सांदण केलेल्या माणसाला हे लवकर समजेल. सांदणमध्ये पावसाळ्यात कुणी उतरत नाही, कारण पाऊस डोळ्यांसमोर असतो आणि साम्रदचे लोकही उतरू देत नाहीत. इथे डोक्यावर निळं आकाश असतं आणि सांगायला गाव नसतं. उघड्या खडकावर माती नाही, गवत नाही, पाणी मुरायला जागाच नाही. सगळ्या पठारावरचं पाणी एकदम एका फटीत शिरतं आणि बरोबर चिखल, ओंडके, धोंडे घेऊन येतं. म्हणून हवामान बघताना फक्त आपल्या दरीचं बघू नका, त्या ओढ्याचं पाणलोट कुठपर्यंत जातं ते नकाशावर शोधा आणि तिथलं बघा.

हॉर्सशू रुंद आहे, कडेला चढून थांबायला बहुतेक ठिकाणी जागा मिळते, ती काही दोन हातांची फट नाही. पण पूर आला की ओढा ओलांडता येत नाही आणि तुम्ही पलीकडे अडकता. अशा वेळी उंचावर बसून पाणी उतरण्याची वाट बघायची, घाई करून ओलांडायचं नाही. आणि तो ३० मैलांचा रस्ता! पाऊस झाला की त्यातले चिकणमातीचे पट्टे साबणासारखे होतात, चारही चाकं फिरणारी गाडी असली तरी सरकते. ढग दिसले तर निघूच नये.

कातळवाट

निवडुंग यांनी लिहिलेलं सोन्यासारखं आहे. एप्रिल, मे महिन्याची सुरुवात, सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर, हे एकट्याने जायचे दिवस.

रानजाई

मी कोलोरॅडोत असते आणि बाई म्हणून एकटी जाते, त्यामुळे थोडं माझ्या बाजूने. "एकटीने जाऊच नये" हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. सोबत मिळेपर्यंत थांबले असते तर यातलं काहीच पाहिलं नसतं. पण एकटीने जाते म्हणूनच माझे नियम कडक आहेत, आणि त्यातला पहिला असा : जिथून परत वर चढता येणार नाही, तिथून खाली उडी मारायची नाही. वाळूखडकात पायऱ्या-पायऱ्यांचे टप्पे असतात. घसरत सहा-सात फूट खाली जाणं सोपं असतं, मग पुढचा टप्पा वीस फुटांचा निघतो आणि मागचा गुळगुळीत. दोघं असतील तर एकमेकांना खांदा देतात. एकटीला खांदा नाही. ग्रेट गॅलरीच्या वाटेवर असं काही करावं लागत नाही, पण आजूबाजूच्या फाट्यांत शिरायचा मोह होतो, तिथे हा नियम पाळावा.

हात दिसत नाहीत अशा कपारीत बोटं घालायची नाहीत. छोटे रॅटलस्नेक, म्हणजे विषारी साप, तिथे सावलीला बसलेले असतात.

गाडी लावते तिथे कुणी अनोळखी माणूस जास्त चौकशी करायला लागला, तर "मागून मैत्रिणी येतायत" असं मी बेधडक सांगते. फिरून आल्याशिवाय जागेचे फोटो कुठेही टाकत नाही. आणि घरच्या कागदाबरोबर मी बुटाच्या तळव्याचा फोटोही नवऱ्याला पाठवते. वाळूत ठसे शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

अजून एक, वाट सोडू नका. काठावरच्या जमिनीवर काळपट, खरखरीत, उंचसखल पापुद्रा दिसतो, तो जिवंत असतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून वाळू धरून ठेवलेली असते. त्यावर एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. ओढ्याची वाळू किंवा उघडा खडक, एवढ्यावरूनच चालायचं.

तुळशीकट्टा

रानजाई, बुटाच्या तळव्याचा फोटो ही गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकली. मुलाला लगेच सांगते. डॉक्टरांनीही नीट समजावलं. तरी माझं मन अजून राजी नाही, ते राजी होईल असंही वाटत नाही. पण तुम्ही सगळे विचार करून जाता, एवढं कळलं.

लाल_माती

मी राजापूरचा. बारसू, कशेळी, उक्षीची कातळशिल्पं बघत मोठा झालो, त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या चित्रांकडे. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेली आहेत, आडवी, म्हणजे पूर्ण आकृती बघायची तर वरून बघावी लागते. हत्ती, मासे, गेंडा, माणसं. कुणी कोरली, कधी, नक्की कशासाठी, हे प्रश्न अजून उघडे आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती आली, पण सड्यावर रस्ते आणि प्रकल्प येतच आहेत. हॉर्सशूच्या चित्रांचं वय ठरलंय का? आणि रंग टिकला कसा?

कातळवाट

लाल_माती, हा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं. रंग म्हणजे मुख्यतः गेरूसारखी लोहाची लाल माती. ती ऊन-वाऱ्याने सहज बदलत नाही, आणि वर झुकलेल्या कड्यामुळे पाऊस थेट लागत नाही.

वयाची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. दगडावरच्या अशा रंगाचं वय थेट काढणं अवघड असतं. याच शैलीशी जुळणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती या प्रदेशात खूप जुन्या थरांत सापडल्या होत्या, त्यामुळे चित्रंही हजारो वर्षं जुनी असावीत असं बराच काळ धरलं जात होतं. २०१४ मध्ये युटा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट काढली. कड्याचा एक तुकडा कधीतरी कोसळला होता आणि त्याबरोबर काही चित्रांचा भाग गेला होता. पडलेल्या दगडाच्या खालच्या बाजूच्या वाळूकणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे त्यांनी मोजलं. म्हणजे दगड कधी पडला ते कळलं, आणि चित्रं त्याच्या आधीची हे ठरलं. दुसऱ्या टोकाला, ओढ्याने आणून टाकलेल्या गाळाच्या वयावरून भिंतीचा तो भाग कधी उघडा पडला ते काढलं, म्हणजे चित्रं त्याच्या नंतरची. या दोन टोकांमधून उत्तर आलं इसवी सन १ ते ११०० च्या दरम्यान. म्हणजे आधीच्या समजुतीपेक्षा बरीच अलीकडची. त्या काळात इथे शेती करणारे फ्रीमाँट लोकही होते, त्यामुळे ही चित्रं काढणारे आणि ते एकाच वेळी या प्रदेशात होते का, असा नवा प्रश्न उभा राहिला.

हात मात्र लावू नका कुणी. बोटांच्या तेलाने रंग खराब होतो. तुमच्या सड्यांची अवस्था वाचून वाईट वाटलं. इथे ३० मैलांच्या कच्च्या रस्त्याने जे राखलंय, ते तिथे गावकऱ्यांनाच राखावं लागतंय.

घाटमाथा

सगळं वाचून बेत बदलला. जूनची तिकिटं रद्द करून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, बहिणीनेही तेव्हाच यायला सांगितलं. दोन शंका आहेत. भाड्याची गाडी घेऊन त्या रस्त्याने जाता येईल का? आणि तो कागद नेमका कसा लिहायचा, नमुना मिळेल का?

कातळवाट

गाडीचा करार आधी नीट वाचा. बऱ्याच भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई असते, आणि तिथे गाडी रुतली तर ओढून आणायचा खर्च प्रचंड येतो. कोरड्या दिवसांत रस्ता साधारणपणे जरा उंच गाडीला जमतो, पण वाऱ्याने वाळूचे ढीग आडवे येतात. बहिणीची गाडी मिळाली तर उत्तम. आदल्या दिवशी हान्स फ्लॅटच्या रेंजर चौकीला फोन करून रस्त्याची अवस्था विचारा. गाडीत फावडं, हवा भरायचा पंप आणि दोन दिवसांचं पाणी ठेवा. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा, रस्ता धरून चालत निघू नका. माणसापेक्षा गाडी लवकर सापडते.

कागद बहिणीकडे द्यायचा. मी असा लिहितो :

"हॉर्सशू कॅन्यन, वेस्ट रिम. आज मुक्काम काठावर, गाडीत. उद्या सकाळी ७ ला उतरणार, फक्त ग्रेट गॅलरीपर्यंत, त्याच वाटेने परत. दुसऱ्या कुठल्याही फाट्यात शिरणार नाही. ११ ला असेन तिथून माघारी. दुपारी ३ पर्यंत गाडीपाशी. रेंज हायवेला येईल तेव्हा, म्हणजे ५ च्या सुमारास फोन. गाडी अमुक रंगाची, नंबर अमुक. शर्ट केशरी, पाठपिशवी निळी. पाणी पाच लिटर, जाकीट आहे, दिवा आहे. संध्याकाळी ८ पर्यंत फोन आला नाही तर वेन काउंटीच्या शेरिफ कार्यालयाला (म्हणजे त्या जिल्ह्याच्या पोलिसांना) फोन करून हा कागद वाचून दाखवायचा. 'येईल थोड्या वेळात' म्हणून थांबायचं नाही."

८ ची वेळ मुद्दाम अशी ठेवली आहे. रस्त्यात टायर बदलावा लागला तरी तोवर मी पोचतो, त्यामुळे ८ वाजून गेले याचा अर्थ खरोखर काहीतरी बिघडलंय. शेवटचं वाक्य बहिणीला समोर बसवून समजावून सांगा. घरची माणसं उगाच गवगवा नको म्हणून तास-दोन तास थांबतात.

तुळशीकट्टा

हा मजकूर उतरवून घेतला. मुलाला पाठवते आणि तो प्रत्येक वेळी भरून मला पाठवायचा असं सांगते. त्याच्या ८ ला इथे सकाळ असते, मी जागीच असेन. कुठल्या काउंटीला फोन करायचा, नंबर काय, हेही त्यानेच लिहायचं ना?

रानजाई

हो ताई, त्यानेच. प्रत्येक दरीची काउंटी वेगळी असते, कधी वाट एका काउंटीत आणि गाडी दुसरीत. भारतातून ९११, म्हणजे इथला आपत्कालीन नंबर, लागत नाही, म्हणून शेरिफ कार्यालयाचा पूर्ण दहा आकडी नंबर, अमेरिकेच्या कोडसकट, कागदावर हवा. आणि तो निघण्याआधी तुम्ही एकदा लावून बघा, लागतोय ना म्हणून.